स्पोर्ट्स मॅनेजमेंटमध्ये करिअर करायचं तर पदवी कुठली घ्यावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खेळाच्या क्षेत्रात काम करायचंय, पण मैदानावर उतरून नाही, असं ठरवलेल्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या पालकांना साधारण सारखेच प्रश्न पडतात. ते इथे एकत्र केले आहेत. ज्या प्रश्नांवर दुमत आहे, तिथे मी माझं मत मोकळेपणाने सांगितलं आहे.

स्पोर्ट्स मॅनेजमेंट म्हणजे रोज नेमकं काय करावं लागतं?

पदवी निवडण्याआधी हा प्रश्न विचारायलाच हवा, आणि बरेच जण तो विचारत नाहीत. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

समजा सामना संध्याकाळी आहे. स्टेडियममधला दिवस सकाळीच सुरू होतो. ऑपरेशन्स सांभाळणाऱ्या माणसाच्या हातात रन-शीट असते. संघाची बस कुठल्या गेटने येणार, पंच किती वाजता पोचणार, प्रेक्षकांसाठी दरवाजे कधी उघडायचे, सराव किती वाजता थांबवायचा, खेळाडू रांगेत कधी उभे राहणार, हे सगळं तिच्यात मिनिटागणिक लिहिलेलं असतं आणि प्रत्येक ओळीसमोर जबाबदार माणसाचं नाव असतं. ही शीट हातात असतानाच फोन वाजायला लागतात. एका फोटोग्राफरच्या अ‍ॅक्रेडिटेशन कार्डावर (म्हणजे मैदानात कुठे जाता येईल ते सांगणाऱ्या ओळखपत्रावर) चुकीचा झोन छापला गेलाय, त्याला सीमारेषेजवळ सोडत नाहीत. स्पॉन्सरचा प्रतिनिधी सांगतो की कॅमेऱ्यासमोरच्या बोर्डवरचा त्यांचा लोगो एका शिडीमागे झाकला जातोय. प्रक्षेपण करणाऱ्यांना केबल न्यायला वाट हवी आहे. रुग्णवाहिकेच्या रस्त्यात कुणीतरी गाडी उभी केली आहे. हे सगळं दरवाजे उघडायच्या आत सुटलं पाहिजे. सामना सुरू झाला की यातले कितीतरी जण मैदानाकडे पाठ करून प्रेक्षकांकडे बघत उभे असतात. खेळ त्यांना दिसतच नाही.

ही झाली एक बाजू. दुसरी बाजू कार्यालयातली. तिथे तिकिटांचे दर ठरतात, स्पॉन्सरशिपचे करार होतात, खेळाडूंचे करार आणि व्हिसा सांभाळले जातात, प्रक्षेपण हक्कांच्या वाटाघाटी चालतात, वयोगटांच्या स्पर्धांचं वेळापत्रक लागतं. महासंघात काम करणाऱ्याचा बराच वेळ नियम, निवडीवरच्या तक्रारी आणि बैठकांच्या इतिवृत्तात जातो. तेव्हा 'स्पोर्ट्स मॅनेजमेंट' या एका नावाखाली डझनभर वेगवेगळे व्यवसाय येतात. त्यातला तुमचा कुठला, हे अंदाजाने का होईना ठरवा. पदवीचा प्रश्न त्यावर अवलंबून आहे.

'स्पोर्ट्स मॅनेजमेंट' याच नावाची पदवी घ्यावी लागते का?

नाही. या क्षेत्रात वर पोचलेल्या माणसांच्या पदव्या पाहिल्या तरी हे लक्षात येतं.

बेसबॉलमधले थिओ एपस्टाइन येल विद्यापीठात अमेरिकन स्टडीज शिकले. पुढे सॅन डिएगोच्या संघात नोकरी करत असतानाच त्यांनी कायद्याची पदवी घेतली. 2002 मध्ये, वयाच्या 28 व्या वर्षी, ते बोस्टन रेड सॉक्सचे जनरल मॅनेजर झाले, आणि 2004 मध्ये त्या संघाने 86 वर्षांनी विजेतेपद मिळवलं. बास्केटबॉलमधले डॅरिल मोरी यांची पहिली पदवी कॉम्प्युटर सायन्सची, नंतर एमबीए. लिव्हरपूल या फुटबॉल क्लबच्या संशोधन विभागाची उभारणी ज्यांनी केली, त्या इयन ग्रॅहम यांची केंब्रिजची डॉक्टरेट भौतिकशास्त्रातली आहे. एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचे आयुक्त म्हणून 1984 ते 2014 अशी तीस वर्षं काम पाहिलेले डेव्हिड स्टर्न वकील होते, आणि त्यांच्या जागी आलेले अ‍ॅडम सिल्व्हर हेही वकीलच. 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकचे प्रमुख पीटर युबेरॉथ प्रवासी कंपनी चालवत होते. त्याआधीच्या 1976 च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकचं कर्ज फेडायला तब्बल तीस वर्षं लागली. लॉस एंजेलिसने मात्र 20 कोटी डॉलरहून जास्त रक्कम शिल्लक टाकली. नवी स्टेडियम बांधण्यापेक्षा बहुतेक जुनीच वापरली, आणि स्पॉन्सर मोजके ठेवून प्रत्येकाकडून मोठी रक्कम घेतली.

या सगळ्यांकडे एक पक्कं कौशल्य आधी होतं: करार वाचणं, आकडे समजणं, मोठा कारभार हाकणं. ते त्यांनी खेळात आणलं. खेळ संस्थेला वकील लागतो, हिशेब तपासणारा लागतो, डेटा हाताळणारा लागतो, आणि तिथे पदवी त्या विद्येची बघतात. म्हणून माझा सल्ला असा: ज्याला कामाचा प्रकार आत्ताच स्पष्ट आहे, त्याने त्या कामाची मूळ पदवी घ्यावी आणि खेळाचा भाग इंटर्नशिप, ऐच्छिक विषय किंवा पुढच्या पदव्युत्तर शिक्षणातून जोडावा.

मग स्पोर्ट्स मॅनेजमेंटची पदवी घेण्यात अर्थ आहे का?

आहे, आणि काही विद्यार्थ्यांसाठी तर तीच योग्य वाट आहे. ज्याला इव्हेंट आणि वेन्यू ऑपरेशन्स, क्लबचं प्रशासन, शाळा-कॉलेजांतलं क्रीडा व्यवस्थापन किंवा महासंघातलं काम करायचंय, त्याला हा अभ्यासक्रम थेट उपयोगी पडतो. तिकीट विक्री, सुविधांचं व्यवस्थापन, क्रीडा कायदा, स्पॉन्सरशिप, प्रेक्षकांची सुरक्षा हे सगळं एका ठिकाणी शिकायला मिळतं आणि सोबत शिकणारे सगळे याच क्षेत्रात जाणारे असतात. दहा वर्षांनी हीच मंडळी वेगवेगळ्या क्लबांत, लीगमध्ये बसलेली असतात.

या शिक्षणाची सुरुवातच उद्योगाच्या गरजेतून झाली. डॉजर्स या बेसबॉल संघाचे मालक वॉल्टर ओमॅली यांनी 1957 मध्ये जेम्स मेसन या प्राध्यापकांना पत्र लिहून विचारलं होतं की खेळाचा कारभार चालवणारी माणसं घडवणारं शिक्षण कुठे मिळेल. त्या विचारातून 1966 मध्ये ओहायो विद्यापीठात या विषयाची पहिली पदव्युत्तर पदवी सुरू झाली. ती आजही चालू आहे, आणि तिचे माजी विद्यार्थी हीच तिची मोठी ताकद मानली जाते.

अडचण एवढीच की मागणी वाढली तसे या नावाचे अभ्यासक्रमही पुष्कळ निघाले आणि सगळ्यांचा दर्जा सारखा नाही.

चांगला अभ्यासक्रम ओळखायचा कसा?

माहितीपुस्तिकेतले स्टेडियमचे फोटो बाजूला ठेवा आणि विषयांची यादी मागवा. तिच्यात अकाउंटिंग, फायनान्स, संख्याशास्त्र, करार कायदा आणि मार्केटिंग हे विषय खरोखर किती तास शिकवले जातात ते बघा. प्रत्येक विषयाच्या नावामागे 'स्पोर्ट्स' लावलंय, पण ताळेबंद वाचायला कुठेच शिकवत नाहीत, असं दिसलं तर सावध व्हा.

मग इंटर्नशिप. ती अभ्यासक्रमाचा सक्तीचा भाग आहे का, किती आठवड्यांची आहे, आणि जागा कॉलेज मिळवून देतं की विद्यार्थ्यानेच शोधायची असते? यापैकी शेवटचा प्रश्न थेट विचारा. 'आमचा उद्योगाशी उत्तम संबंध आहे' असं उत्तर आलं, तर गेल्या वर्षीचे विद्यार्थी कुठे गेले होते, त्या संस्थांची नावं मागा. नावं सांगता येत नसतील तर संबंध कितपत आहे ते समजलं.

शिकवणाऱ्यांपैकी कितीजणांनी क्लब, महासंघ, लीग किंवा एजन्सीत काम केलंय, हेही पाहण्यासारखं आहे. सगळ्यांनीच केलेलं असावं असा आग्रह नको, कारण अर्थशास्त्र शिकवायला अर्थशास्त्रज्ञच लागतो. पण एकानेही केलेलं नसेल तर पुढे ओळखी कोण करून देणार?

सगळ्यात खात्रीची माहिती माजी विद्यार्थ्यांकडून मिळते. तीन-चार वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या दोघांना-तिघांना व्यावसायिक नेटवर्किंगच्या साइटवर शोधा आणि नम्रपणे दोन प्रश्न विचारा: पहिली नोकरी कशी मिळाली, आणि त्यात कॉलेजचा हात किती होता? बहुतेक जण उत्तर देतात. या क्षेत्रातल्या माणसांना आपल्या कामाबद्दल बोलायला आवडतं.

मान्यतेचं म्हणाल तर विद्यापीठ मान्यताप्राप्त असणं ही किमान अट. त्याशिवाय 2008 मध्ये स्थापन झालेली कोस्मा ही संस्था खास क्रीडा व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांचं मूल्यमापन करते. ते असलं तर चांगलंच, पण नाही म्हणून अभ्यासक्रम वाईट ठरत नाही.

कायदा शिकून खेळात येता येतं का?

येतं, आणि माझ्या मते ही सध्याची सगळ्यात भक्कम वाट आहे. आजचा व्यावसायिक खेळ करारांवर उभा आहे. 15 डिसेंबर 1995 रोजी युरोपीय न्यायालयाने जाँ-मार्क बॉस्मन या बेल्जियमच्या फुटबॉलपटूच्या बाजूने निकाल दिला आणि युरोपीय संघातल्या खेळाडूंना करार संपल्यावर ट्रान्स्फर फी (नव्या क्लबने जुन्या क्लबला द्यायची रक्कम) न देता क्लब बदलता येऊ लागला. या एका निकालाने फुटबॉलचं सगळं अर्थकारण बदललं. खेळाडूंचे पगार, एजंटांचं वजन, लहान क्लबांचं उत्पन्न, सगळंच. डोपिंग, निवडीतले वाद, कराराचा भंग अशी प्रकरणं 1984 मध्ये स्थापन झालेल्या लोझानच्या क्रीडा लवादापुढे जातात. स्पॉन्सरशिप, प्रक्षेपण हक्क, खेळाडूंच्या नाव-छायाचित्राचे हक्क, डेटा गोपनीयता, सगळीकडे वकील हवाच.

मात्र केवळ 'स्पोर्ट्स लॉ' शिकवणाऱ्या छोट्या कोर्सपेक्षा पूर्ण कायद्याची पदवी घ्या, आणि करार, कामगार, बौद्धिक संपदा व स्पर्धा कायदा हे विषय मनापासून करा. चांगला करार वकील खेळात सहज रुळतो. खेळाची बित्तंबातमी ठेवणाऱ्याचा करार कच्चा असेल तर त्याला कुणी विचारत नाही.

मला खेळाडूंचा एजंट व्हायचंय. कुठली पदवी?

कायदा किंवा वाणिज्य. त्यातही कायद्याला माझं झुकतं माप. आधुनिक एजन्सी व्यवसायाचे जनक मानले जाणारे मार्क मॅककॉर्मॅक हे वकीलच होते. 1960 च्या सुमारास गोल्फपटू अर्नोल्ड पामर यांच्याशी केलेल्या हस्तांदोलनातून त्यांची आयएमजी ही कंपनी उभी राहिली.

पदवीपलीकडे परवान्याची अट असते. प्रत्येक खेळाचे नियम वेगळे आहेत. फिफाने 2015 मध्ये एजंटांची परवाना पद्धत मोडीत काढली होती. 2023 मध्ये परीक्षा पुन्हा सुरू झाली. तेव्हा ज्या खेळात काम करायचंय, त्याच्या महासंघाचे चालू नियम आधी वाचा. आणखी एक स्पष्टच सांगतो: एजंटाची सुरुवातीची वर्षं पुष्कळदा अनिश्चित कमाईत जातात, कारण खेळाडू कमावेल तेव्हाच त्याला टक्केवारी मिळते. पहिली काही वर्षं एखाद्या एजन्सीत किंवा लॉ फर्ममध्ये पगारावर काढणं शहाणपणाचं.

वाणिज्य, फायनान्स किंवा एमबीए?

क्लबच्या उत्पन्नाचे ढोबळमानाने तीन झरे: प्रक्षेपण, स्पॉन्सरशिपसह व्यापारी उत्पन्न आणि सामन्याच्या दिवसाची कमाई. या तिन्हींचं गणित ज्याला मांडता येतं त्याची गरज कायम असते. तुम्हाला यात रस आहे की नाही, याची एक सोपी चाचणी सांगतो. मँचेस्टर युनायटेड हा फुटबॉल क्लब 2012 पासून न्यूयॉर्क शेअर बाजारात नोंदलेला आहे, त्यामुळे त्याचे वार्षिक अहवाल कुणालाही मोफत वाचता येतात. बोरुसिया डॉर्टमुंड या जर्मन क्लबचेही तसेच. एक अहवाल उघडा आणि खेळाडूंच्या पगारावर उत्पन्नातला किती वाटा जातो, ट्रान्स्फर फी अनेक वर्षांत कशी विभागून दाखवतात, हे शोधा. तासाभरानेही वाचत राहावंसं वाटलं तर वाणिज्य शाखा तुमच्यासाठी आहे. पहिल्या दहा पानांतच डोळे मिटायला लागले तर तेही आत्ताच कळलेलं बरं.

एमबीए पदवीनंतर लगेच करू नका. दोन-तीन वर्षं काम करून मग केलं तर त्याचा खरा उपयोग होतो.

डेटा आणि अ‍ॅनालिटिक्सला खरंच इतकी मागणी आहे का?

मागणी आहे, पण जागांपेक्षा उमेदवार फार जास्त आहेत. संघनिवड आणि डावपेचांच्या विश्लेषणात यायचं तर संख्याशास्त्र, गणित, कॉम्प्युटर सायन्स किंवा तत्सम पदवी जवळजवळ अनिवार्य आहे, आणि सोबत स्वतः केलेलं काम दाखवावं लागतं. सामन्यांचा मोफत डेटा इंटरनेटवर उपलब्ध आहे. त्यावर एखादा नेमका प्रश्न घेऊन विश्लेषण करा आणि ते सार्वजनिक ठेवा. 'कोणता फलंदाज श्रेष्ठ' असल्या प्रश्नात वेळ घालवू नका. 'डावखुऱ्या फलंदाजाविरुद्ध शेवटच्या पाच षटकांत क्षेत्ररक्षण कसं लावावं' असा प्रश्न घ्या. संघाला निर्णय घ्यायला मदत होईल असं उत्तर हवं.

एक बाजू बहुतेकांच्या नजरेतून सुटते. क्लबातले डेटावाले सगळेच डावपेचांवर काम करत नाहीत. तिकिटांची मागणी, सभासद नूतनीकरण, स्पॉन्सरला मिळालेल्या प्रसिद्धीचं मोजमाप यांतही ते असतात, आणि तिथे स्पर्धा त्यामानाने कमी असते.

पत्रकारिता किंवा जनसंज्ञापन शिकलो तर?

क्लब आणि लीगच्या मीडिया विभागात, सोशल मीडियावर, प्रक्षेपणाच्या निर्मितीत काम मिळतं. मजकूर बिनचूक आणि झटपट लिहिता आला पाहिजे, व्हिडिओ कापता आला पाहिजे. दुसरी एखादी भाषा येत असेल तर फार मोठा फायदा.

मी कधी मोठ्या पातळीवर खेळलो नाही. अडेल का?

व्यवस्थापनात नाही अडत. खेळाडू असल्याने ड्रेसिंग रूममधली भाषा कळते, एवढा फायदा नक्की आहे. पण प्रशासनाची बहुतेक पदं खेळाचा अनुभव मागत नाहीत. 2016 ते 2023 या काळात फिफाच्या सरचिटणीस राहिलेल्या फातमा समुरा तिथे आल्या त्या संयुक्त राष्ट्रांतल्या वीसेक वर्षांच्या कामानंतर. फुटबॉलचं प्रशासन त्यांनी आधी केलेलंच नव्हतं.

मुलींना या क्षेत्रात संधी आहे का?

आहे, आणि ती वाढते आहे, तरी वरच्या पदांवर अजून पुरुषच जास्त दिसतात हे लपवण्यात अर्थ नाही. समुरा या फिफाच्या पहिल्या महिला सरचिटणीस होत्या. बेसबॉलमधल्या किम अँग यांनी शिकागो विद्यापीठातून सार्वजनिक धोरण या विषयात पदवी घेतली, शिकागो व्हाइट सॉक्समध्ये इंटर्न म्हणून सुरुवात केली आणि नोव्हेंबर 2020 मध्ये मायामी मार्लिन्सच्या जनरल मॅनेजर झाल्या. मेजर लीग बेसबॉलमधल्या त्या पदावर आलेल्या त्या पहिल्या महिला. इंटर्नपासून तिथवर पोचायला त्यांना जवळजवळ तीस वर्षं लागली. हा काळ इतका लांबला यात त्यांची उणीव मला दिसत नाही. क्षेत्राने फार वेळ लावला. कॉलेज निवडताना माजी विद्यार्थिनी कुठे पोचल्या आहेत, हे मुद्दाम विचारा. महिलांच्या लीग वाढत आहेत आणि तिथली कार्यालयं नवी आहेत, त्यामुळे तरुण वयात मोठी जबाबदारी मिळण्याची शक्यता तिथे अधिक.

मी अजून स्पर्धांमध्ये खेळतो. खेळ सोडून अभ्यासाकडे वळू का?

सोडू नका, पण पदवी पुढेही ढकलू नका. दुखापत सांगून येत नाही. ज्या कॉलेजात खेळाडूंना परीक्षेच्या तारखांत सवलत मिळते, हजेरीचे नियम समजूतदार आहेत, तिथे प्रवेश घ्या. अशी सोय नसेल तर दूरशिक्षणातून मूळ विषयाची पदवी करणं चालेल. सध्या संघात असल्याचा एक फायदा मात्र जरूर करून घ्या: संघाचा मॅनेजर काय करतो ते बघा, प्रवासाची तयारी किंवा स्पर्धेच्या नोंदणीत त्याला हातभार लावा.

गणित कच्चं आहे. चालेल का?

इव्हेंट, मीडिया, कायदा यांत चालेल. पण बजेटचा तक्ता वाचता यायलाच हवा. स्प्रेडशीट नीट शिका.

इंटर्नशिप कधी सुरू करावी? बिनपगारी करावी का?

पहिल्या वर्षापासून, आणि नाव मोठं असलंच पाहिजे असं नाही. या एका बाबतीत मी ठाम आहे: तीन वर्षं वर्गात काढून शेवटच्या सत्रात एक इंटर्नशिप करणाऱ्यापेक्षा, प्रत्येक सुट्टीत कुठल्या ना कुठल्या स्पर्धेत राबलेला विद्यार्थी कितीतरी पुढे असतो. मोठ्या स्पर्धांना स्वयंसेवक लागतातच. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सुमारे 70,000 स्वयंसेवक होते, 2024 च्या पॅरिसमध्ये सुमारे 45,000. पण तिथे तुमच्या वाट्याला एक गेट किंवा एक रांग येते. एखाद्या लहान संघटनेच्या ज्युनियर स्पर्धेत मात्र ड्रॉ काढणं, पंचांची सोय, निकालपत्रक, बक्षिसं, सगळंच तुमच्या अंगावर पडतं. शिकायला मिळतं ते इथे. दोन्ही अनुभव घ्या, आणि एकच घेता येणार असेल तर लहान स्पर्धा निवडा.

बिनपगारी कामाबद्दल: आठवड्याभराच्या स्पर्धेत स्वयंसेवा करणं वेगळं, आणि सहा महिने पूर्णवेळ फुकट राबणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराला मी विरोधच करेन. काम देणाऱ्याला तुमची गरज आहे आणि घरची परिस्थिती बेताची असलेला विद्यार्थी यामुळेच मागे पडतो. निदान प्रवास-जेवणाचा खर्च, लेखी कामाचं स्वरूप आणि शेवटी अनुभवपत्र, एवढं आधी ठरवून घ्या.

प्रेक्षकांची सुरक्षा हा विषय काही अभ्यासक्रमांत दिसतो. तो निवडावा का?

जरूर निवडा. फार थोडे विद्यार्थी तो घेतात, कारण नाव आकर्षक नाही. 15 एप्रिल 1989 रोजी शेफील्डच्या हिल्सबरो स्टेडियमवर चेंगराचेंगरीत सापडून 97 फुटबॉलप्रेमींचा जीव गेला. चौकशीनंतर लॉर्ड टेलर यांनी 1990 मध्ये दिलेल्या अहवालामुळे इंग्लंडमधल्या मोठ्या मैदानांवर उभं राहून सामना पाहण्याच्या जागा जाऊन सगळीकडे आसनं आली. गर्दी कुठे तुंबते, कुठल्या दारातून मिनिटाला किती माणसं जाऊ शकतात, दरवाजे उघडायला उशीर झाला तर बाहेर काय होतं, याचं शास्त्र आहे आणि ते शिकता येतं. ते नीट जाणणारी माणसं कमी आहेत. सामन्याला आलेला प्रत्येक माणूस धडधाकट घरी जावा, याहून मोठं काम या क्षेत्रात दुसरं नाही.

पदव्युत्तर शिक्षण कधी आणि कुठलं?

काम थोडं करून मग. तोवर आपल्याला नेमकं काय शिकायचंय ते कळलेलं असतं. आंतरराष्ट्रीय महासंघांत जायचं असेल तर फिफा मास्टर हा अभ्यासक्रम नावाजलेला आहे. 2000 मध्ये सुरू झालेला हा अभ्यासक्रम तीन देशांत शिकवला जातो: इंग्लंडमधल्या लेस्टरला खेळाचा इतिहास आणि समाज, इटलीत मिलानला व्यवस्थापन आणि स्वित्झर्लंडमध्ये न्यूशातेलला कायदा. ही रचना मला फार आवडते. खेळ चालवणाऱ्याला तो कुठून आला, पैसा कसा फिरतो आणि नियम काय सांगतात, हे तिन्ही ठाऊक असावं. तिथे जायचं नसलं तरी आपले ऐच्छिक विषय निवडताना हाच नकाशा वापरता येतो. लोझानमध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं मुख्यालय आहे आणि अनेक महासंघांची कार्यालयंही त्याच शहरात आहेत. तिथल्या एआयएसटीएस या क्रीडा व्यवस्थापन शिकवणाऱ्या संस्थेचा अभ्यासक्रमही याच कारणाने विचारात घेतला जातो.

कर्ज काढून महागडा अभ्यासक्रम करताना मात्र पहिल्या नोकरीचा खरा पगार माजी विद्यार्थ्यांना विचारून मगच सही करा.

ऑनलाइन सर्टिफिकेट पुरेसं आहे का?

पदवीच्या जागी नाही. पदवीच्या जोडीला, एखादं विशिष्ट साधन किंवा विषय शिकायला उत्तम.

पगार कसा असतो?

सुरुवातीला कमी, आणि त्याच पदवीवर दुसऱ्या उद्योगात मिळेल त्याहूनही पुष्कळदा कमी. इथे काम करायला तयार असलेल्यांची रांग लांब असल्याने नियोक्त्यांना जास्त द्यावं लागत नाही. शनिवार-रविवार आणि सणासुदीला काम असतं, कारण सामने तेव्हाच असतात. विक्री, स्पॉन्सरशिप, कायदा आणि मीडिया हक्क या विभागांत पगार लवकर वाढतो. विक्रीला नाक मुरडू नका. तिकीट आणि स्पॉन्सरशिप विक्रीत नवख्यांसाठी जागा सतत निघतात, आणि तिथे शिकलेलं पुढे प्रत्येक पदावर कामी येतं.

घरचे म्हणतात, हे क्षेत्र भरवशाचं नाही. त्यांना काय सांगू?

त्यांची शंका रास्त आहे. टोकियो ऑलिंपिक वर्षभर पुढे ढकलावं लागलं आणि 2021 मध्ये बहुतांश प्रेक्षकांविना पार पडलं, तेव्हा तिकिटं, आदरातिथ्य, इव्हेंट यांवर पोट असणाऱ्यांचं काय झालं हे सगळ्यांनी पाहिलं. म्हणूनच मी मूळ विद्येवर इतका भर देतो. वाणिज्य, कायदा, संख्याशास्त्र शिकलेल्याला खेळातलं काम थांबलं तरी दुसरीकडे उभं राहता येतं. घरच्यांसमोर ही योजना कागदावर मांडा: पदवी कुठली, इंटर्नशिप कुठे, दोन वर्षांत खेळात नोकरी लागली नाही तर पर्याय काय. वादापेक्षा असा कागद जास्त काम करतो.

पदवीच्या मध्यावर आहे आणि विषय वेगळाच आहे. बदलू का?

बहुतेक वेळा गरज नसते. इंजिनीअर, भाषांचा विद्यार्थी, मानसशास्त्राची विद्यार्थिनी, प्रत्येकासाठी खेळात जागा आहे. चालू पदवी चांगल्या गुणांनी पूर्ण करा, शेवटच्या वर्षाचा प्रकल्प खेळाशी जोडून घ्या. मानसशास्त्रवाली स्वयंसेवक स्पर्धेत पुन्हा का येतात किंवा का येत नाहीत यावर काम करू शकते, सिव्हिलवाला स्टेडियममधल्या गर्दीच्या वाटांवर. हा प्रकल्पच मुलाखतीत तुमची ओळख ठरतो.

प्रवेश अर्जात 'हे क्षेत्र का निवडलं' याचं उत्तर काय लिहू?

लहानपणापासून खेळाचं वेड आहे, हे वाक्य वगळा. प्रत्येक अर्जात ते असतंच. त्याऐवजी तुम्ही स्वतः हाताळलेली एक घटना लिहा. समजा आंतरशालेय स्पर्धेत पावसाने दुपारचे सामने रद्द झाले आणि वेळापत्रक पुन्हा लावायचं काम तुमच्याकडे आलं. कुठल्या संघाला त्याच संध्याकाळी परत जायचं होतं, कुणाचा सामना आधी घेतला आणि का, त्यावर कोण नाराज झालं, त्याची समजूत कशी काढली, हे दहा-बारा ओळींत लिहा. मग या अभ्यासक्रमातला कुठला विषय तुम्हाला त्या दिवशी उपयोगी पडला असता, त्याचं नाव घ्या. असं सांगण्यासारखं अजून काही घडलेलं नसेल तर अर्ज भरायच्या आधी जवळच्या एखाद्या स्पर्धेच्या आयोजकांना फोन करा. निकालपत्रक भरायला माणूस त्यांना नेहमीच हवा असतो.